जात्यावरची ओवी आणि निर्मात्याची अवज्ञा

१

एखाद्या वस्तूचा नित्य सहवास घडला म्हणजे तिचे मोल मनातून उतरते, हा अनुभव आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृत सुभाषितकाराने त्यासाठी मलय पर्वतावरील भिल्लिणीचा दाखला दिला आहे. ती चंदनाचे लाकूड सरपण म्हणून जाळते. पिकते तेथे विकत नाही, ही मराठी म्हणही याच अनुभवातून आलेली आहे. परंतु या दोन्ही दाखल्यांतील वस्तू निसर्गाने दिलेल्या किंवा शेतात पिकलेल्या आहेत. जी वस्तू माणसाने स्वतःच्या मनातून निर्माण केली, तिच्याविषयीही निर्मात्याच्या ठिकाणी अशीच अवज्ञा उत्पन्न होते काय, आणि होत असल्यास इतिहासाच्या अभ्यासकाने त्या अवज्ञेला कोणते स्थान द्यावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा वाटेल. परंतु तो इतिहासाचाही आहे. निर्मात्याला जे क्षुल्लक वाटते ते तो लिहून ठेवीत नाही, दुसऱ्यास लिहू देण्याचा आग्रह धरीत नाही, आणि पुष्कळदा पुढच्या पिढीस शिकवीतही नाही. जे लिहिले गेले नाही ते साधन होत नाही, आणि ज्याचे साधन नाही त्याचा इतिहास लिहिला जात नाही. तेव्हा आपल्या साधनसंग्रहातील काही मोठी मौने ही निर्मात्यांच्या अवज्ञेतून निर्माण झाली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

या विवेचनासाठी परभणी जिल्ह्याचा उत्तर भाग घेतला आहे. सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जालन्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावरील ठिकाण. सेलूकडे जाणारा रस्ता येथे फुटतो. या परिसरात आपल्या विषयाची दोन परस्परभिन्न उदाहरणे आढळतात. एक लेखी वाङ्मयाचे असून ते यादवकाळातील आहे. दुसरे मौखिक वाङ्मयाचे. ते आजी-पणजीच्या पिढीपर्यंत घराघरांत चालू होते. दोहोंची तुलना केल्याने प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होईल असे वाटते.

२

जिंतूरहून परभणीकडे जाताना बोरी हे गाव लागते. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर हे येथलेच मानले जातात. यादवकाळाच्या अखेरच्या पर्वात त्यांनी ‘शिशुपालवध’ हे हजारावर ओव्यांचे काव्य रचिले. या काव्यासंबंधी पंथाच्या परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. ग्रंथ पूर्ण झाल्यावर तो एका गुरुबंधूच्या दृष्टीस पडला. ग्रंथ चांगला उतरला आहे, परंतु त्यातील शृंगार पाहता तो संन्यस्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय त्याने दिला. भास्करभट्टांनी तो मनास लावून घेतला आणि पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ हा निवृत्तिपर ग्रंथ रचिला. स्वतःच्याच काव्याकडे पाठ फिरविल्याचे हे प्राचीन मराठीतील ठळक उदाहरण होय.

परंतु ही पाठ अतिपरिचयाने फिरलेली नाही. येथे कवीला स्वतःचे काव्य शिळे वाटले नव्हते. ते कशासाठी रचावे यासंबंधीचे त्याचे मत दुसऱ्याच्या शब्दाने बदलले. निर्मात्याच्या उदासीनतेचे दोन प्रकार यावरून वेगळे करता येतात. एक विचारपूर्वक केलेला त्याग, आणि दुसरी सवयीने आलेली अवज्ञा. पहिल्या प्रकारास कारण असते, ते सांगता येते आणि त्यावर वादही करता येतो. दुसऱ्या प्रकारास कारण नसते. ती हळूहळू येते आणि आल्याचे कळत नाही.

या प्रसंगाचा उत्तरभाग अधिक बोधप्रद आहे. ज्या पंथातून ‘शिशुपालवध’ काव्यावर आक्षेप घेतला गेला, त्याच पंथाने पुढे त्याची गणना आपल्या आदरणीय ‘साती ग्रंथां’त केली, ‘उद्धवगीता’ही त्यांतच आहे. सांकेतिक लिपीतील पोथ्यांतून ही दोन्ही काव्ये पंथीयांनी शतकानुशतके जपली आणि विसाव्या शतकात ती अभ्यासकांच्या हाती आली. म्हणजे कवीने जे मनातून दूर केले ते पोथीने राखले. लेखी काव्याला त्याच्या कर्त्याच्या मनःस्थितीपासून संरक्षण असते ते असे. रोमन कवी होरेस याने नवकवींना आपले लेखन नऊ वर्षे घरात ठेवून द्यावे असा उपदेश केला आहे. त्याच्या मुळाशीही हीच सोय आहे. लिहिलेले बाजूस ठेवता येते आणि पुष्कळ दिवसांनी परक्याच्या नजरेने पाहता येते.

मौखिक काव्याच्या कर्त्याला ही सोय नसते. या परिसरातील दुसरे उदाहरण त्या प्रकारचे आहे.

३

गिरणी येण्यापूर्वी या भागातील घराघरांत पहाटे ज्वारीचे दळण असे. एक बाई किंवा समोरासमोर बसून दोघी जणी खुंटा धरीत, मुठीने वैरण घालीत आणि जात्याच्या फेऱ्यांच्या लयीत ओवी म्हणत. पहिली ओवी देवाला, पुढची मायबापांना, मग भावाला, लेकराला, पंढरीच्या वाटेला, सीतेच्या वनवासाला, असा तिचा ओघ असे. विसाव्या शतकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही मराठवाड्यातील जात्यांवर गाइल्या गेल्या.

या ओव्यांना त्या बाईची ‘स्वतःची निर्मिती’ म्हणता येईल काय, असा आक्षेप येऊ शकतो. चरणांचे साचे, उपमा, यमके ही तिला आई-आजीकडून मिळालेली असत, हे खरे. परंतु त्या साच्यात आपल्या भावाचे नाव, आपल्या गावची नदी, आपल्या सासरची अडचण आणि आपल्या लेकीची पाठवणी ती स्वतः बसवीत असे. वारशाने मिळालेले आणि स्वतः जुळविलेले यांच्यामध्ये तिने रेघ ओढली नव्हती. पण म्हणून जुळविणे झालेच नाही असे होत नाही. पंडित कवीदेखील वृत्त आणि अलंकार घरी तयार करीत नाही.

ओवीची ही परंपरा किती जुनी आहे, याचा एक महत्त्वाचा पुरावा कल्याणीच्या चालुक्य राजाने दिला आहे. तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (इ. स. ११२९) महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ‘ज्ञानेश्वरी’ (इ. स. १२९०) तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे दूर होती. ज्या छंदाने पुढे मराठीतील श्रेष्ठ ग्रंथ तोलून धरला, तो छंद बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात उखळ-मुसळाशी नांदत होता. या नोंदीचे मोल वाङ्मयेतिहासकारांनी ओळखले आहेच. आपल्या दृष्टीने तिच्यातील दुसरी गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही नोंद करणारा कांडणारा नव्हता. तो राजा होता. तो संस्कृतात लिहीत होता आणि त्याची राजधानी कल्याणीस होती. ज्यांच्या तोंडी ओवी होती, त्यांनी आपण काही विशेष करीत आहोत असे कोठे नोंदविल्याचे दिसत नाही.

याचे साधे स्पष्टीकरण निरक्षरता हे होय, आणि ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. परंतु ते पुरेसे नाही. निरक्षर समाजातही काही रचना जाणीवपूर्वक जतन केल्या जातात. मंत्र, वंशावळी आणि पोवाडे पाठ करून घेतले जातात. त्यांचे गुरू असतात आणि चुकल्यास दोष दिला जातो. जात्यावरच्या ओवीला गुरू नव्हता, परीक्षा नव्हती आणि बिदागीही नव्हती. दळण संपले की ओवी संपे, आणि दुसऱ्या दिवशी दळण पुन्हा असेच. दळण हे काम आणि ओवी हा त्या कामाचा श्वास, असे त्यांचे नाते होते. श्वासाचे कौतुक कोणी करीत नाही.

विक्टर श्क्लोव्हस्की या रशियन समीक्षकाने १९१७ मध्ये असे प्रतिपादन केले की, सवयीमुळे आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि त्या पुन्हा दिसू लागाव्यात हे कलेचे कार्य होय. हे विवेचन आस्वादकाला उद्देशून आहे. परंतु कलाकृती हीच सवयीची झाली, आणि तीही तिच्या कर्त्यालाच, तर काय, याचे उत्तर जात्यावरच्या ओवीच्या इतिहासात शोधावे लागते.

४

लोकगीतांच्या संग्राहकांचा एक सर्वपरिचित अनुभव आहे. गाणी सांगा म्हटले की बाया म्हणतात, आम्हांला कुठे गाणी येतात; ती आपली जात्यावरची. ‘आपली’ या शब्दात येथे अभिमान नसून क्षमायाचना आहे. तीच बाई जात्याशी बसली, खुंट्याला हात लागला, की एकामागून एक ओव्या येऊ लागतात.

या उत्तराचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली गोष्ट विनय. परक्या, शिकलेल्या आणि पुष्कळदा पुरुष असलेल्या पाहुण्यापुढे स्वतःचे कौतुक करू नये, हा गावचा रिवाज आहे. दुसरी गोष्ट म्हणजे लेखी विद्येचा दरारा. पोथीत आहे ते ज्ञान आणि तोंडी आहे ते बोलणे, ही प्रतवारी शाळेत न गेलेल्यांनीही मान्य केलेली असते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या, त्यातही स्त्रीच्या तोंडच्या शब्दाला कचेरीत स्थान नव्हते, हे येथे विसरता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे केवळ परिचयाने आलेली अवज्ञा.

पहिल्या दोन कारणांपासून तिसरे वेगळे कसे ओळखावे? माझ्या मते त्याची कसोटी अंतर ही आहे. अवज्ञा विनयाची किंवा दराऱ्याची असेल तर ओवी दुरून आली काय, जवळून आली काय, तिची किंमत सारखीच राहावयास हवी. प्रत्यक्षात तसे घडत नाही. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली म्हणजे आईची ओवी तिला आठवते, आणि जी माहेरी तिच्या कानावरून नुसतीच जात होती ती सासरी तिचा आधार होते. विवाहाने स्त्रिया एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, म्हणूनच ओव्यांचे पाठभेद प्रदेशभर पसरले. माहेर आणि सासर यांमधले अंतर हे जणू या परंपरेने आपणहून केलेले औषध होते.

दुसरा पुरावा लग्नघराचा आहे. लग्नाआधी जाते धुऊन पुजतात, घाणा भरतात, हळद दळतात, आणि त्या वेळी म्हटलेल्या गाण्यांकडे सगळ्यांचे लक्ष असते. गाणाऱ्या बाईला बोलावणे धाडले जाते. तिला मान मिळतो. बाई तीच, जाते तेच, पुष्कळदा ओवीचे शब्दही तेच. फरक एवढाच, की एक गाणे रोजचे आणि दुसरे प्रसंगाचे. विनय किंवा निरक्षरता यांनी या फरकाचा उलगडा होत नाही, वारंवारतेने होतो.

५

ओवी टिकली ती ज्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांच्यामुळे, असे वरील विवेचनावरून निष्पन्न होते. आपल्या परंपरेला याची जाणीव होती असेही दिसते. महदंबेचे ‘धवळे’ गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगासाठी रिद्धपुरी रचिले गेले. ते लग्नगीतच होते. परंतु ऐकणाऱ्यांना तो प्रसंग पवित्र वाटला म्हणून ते पंथाच्या वाङ्मयात स्थिरावले. याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंची कथाही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. त्यांच्याबरोबर दळू-कांडू लागण्यास विठ्ठल येई, असे परंपरा सांगते. आणि जनीचे बोल लिहून घेणारा लेखक म्हणून तिने प्रत्यक्ष पांडुरंगाचीच योजना केली आहे. कथेचा भाविक अर्थ बाजूस ठेवला तरी तिच्यातील निरीक्षण अचूक आहे. दळणारीच्या हाताला उसंत नाही, आणि तिचे शब्द अमोल आहेत हे कळण्यास ऐकणारा दुसराच कोणी असावा लागतो.

विसाव्या शतकात हे काम संग्राहकांनी केले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. मराठवाड्यातील विद्वान डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी स्त्रीगीतांचा संग्रह केला आणि त्याच्या नावातच ‘स्त्रीधन’ हा शब्द योजला. ज्याला मालकीण धन मानीत नव्हती, त्याला त्यांनी धर्मशास्त्रातील मालमत्तेचा शब्द दिला, हे अर्थपूर्ण आहे. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या साह्याने एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद केली, आणि गाणाऱ्या स्त्रीचे व तिच्या गावाचे नाव ओवीबरोबर राहील अशी काळजी घेतली. २०१७ पासून हे भांडार ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेमार्फत सर्वांना खुले होऊ लागले.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. त्या खानदेशातील, शेतकरी, निरक्षर. काम करता करता त्यांना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी वेळोवेळी उतरून घेतली होती. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही संकोचाने आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. येथे संकोच करणारा मनुष्य स्वतः नावाजलेला कवी होता, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याला काव्याची जाण नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परंतु ही गाणी त्याच्या घरची होती. लहानपणापासून ती त्याच्या कानावर पडत होती. अवज्ञा ही रसिकतेच्या अभावातून येते, हा समज या एका उदाहरणाने दूर व्हावा. ती सान्निध्यातून येते आणि निर्मात्याच्या घरच्यांनाही ग्रासते.

मात्र दुसऱ्याच्या कानाचे गुणगान करून थांबणे बरोबर होणार नाही. बाहेरचा ऐकणारा जे त्याला सुंदर वाटते ते निवडतो. माहेर, भाऊ, पंढरी यांवरच्या ओव्या संग्रहांत सहज शिरतात. दिराचा जाच, पोटाची भूक, शेजारणीचा हेवा यांवरच्या ओव्या संग्राहकापुढे म्हटल्या जातातच असे नाही, आणि म्हटल्या तरी छापल्या जातातच असेही नाही. शिवाय गाणाऱ्या बाईच्या लेखी ओवीचे एक मोल होतेच. ओवीने दळण हलके होई, मनातले बोलता येई आणि ते कोणाला सांगितले असेही होत नसे. हे मोल सौंदर्याचे नव्हे, उपयोगाचे होते. संग्रहाच्या पानावर पहिले मोल चढते आणि दुसरे उतरते. जिने स्वतःच्या ओवीला ‘आपली जात्यावरची’ म्हटले, तिचे सर्वस्वी चुकत होते असे म्हणता येत नाही. ओवी किती उत्तम रीतीने कामात मुरली होती, याचीच ती साक्ष आहे.

६

आता पद्धतीविषयीचा निष्कर्ष मांडावयाचा आहे. निर्मात्याने स्वतःच्या निर्मितीविषयी दिलेले मत इतिहासकाराने पुरावा म्हणून घ्यावे, निकाल म्हणून घेऊ नये. भास्करभट्टांची पाठ फिरली म्हणून ‘शिशुपालवध’ हे काव्य कमी प्रतीचे ठरले नाही. दळणाऱ्या बाईने नाही म्हटले म्हणून ओवी नाहीशी झाली नाही. परंतु ही दोन्ही मते आपापल्या परीने बोलकी आहेत. पहिल्याने एका पंथाचा काव्यविषयक आदर्श कळतो. दुसऱ्याने गाणे आणि काम यांमधील अंतर किती अल्प होते ते कळते. म्हणून क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘आम्हांला काय येतंय’ हे उत्तर ऐकून वही मिटू नये, आणि ते उत्तर गाळून केवळ ओव्या उतरवूनही आणू नयेत. नकार आणि ओवी दोन्ही एकाच पानावर लिहावी.

याला निकडही आहे. ‘शिशुपालवध’ या काव्याला पोथी होती. ओवीला केवळ दुसऱ्या दिवशीचे दळण होते. वीज आणि रस्ते आले तसे दळण गिरणीवर गेले. पहाटेचे कष्ट गेले हे चांगलेच झाले. त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांना नाही. परंतु कष्टांबरोबर ओवी जात आहे, हे ज्यांच्या लक्षात यावयास हवे होते त्यांना ती जपण्याजोगी वाटत नव्हती, आणि लेकीसुनांना ती शिकवावी असे फार थोड्यांना वाटले. या परिसरात ज्यांनी रोज पहाटे दळले अशा स्त्रिया आता वृद्ध आहेत. जाती बहुतेक घरांत लग्नापुरती उरली आहेत.

दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो. मग दाणा भरडला जात नाही, नुसता फिरतो. तेव्हा टाकी लावणाऱ्याला बोलावून दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागत. जाते आपल्याच फिरण्याने गुळगुळीत झालेले असे. टाकी मात्र बाहेरच्या हाताची लागे. देवगाव फाट्यावर उतरून आसपासच्या गावांत ओव्या शोधीत जाणाऱ्या विद्यार्थ्याचे काम याहून फार निराळे नाही. त्याने जाते बनविलेले नाही आणि दळणही त्याचे नाही. ऐकून घेणे तेवढे त्याच्याकडे आहे, आणि ते आताच करावयाचे आहे.